डोंगा, कयाक आणि चार जाकिटं

सकाळची कामं आटोपून रेडिओजवळ बसला असाल, नाहीतर कामं करता करताच ऐकत असाल. आज बचतीचं, कर्जाचं, व्याजाचं काही सांगायचं नाही. आज पाण्याविषयी बोलायचं आहे, म्हणजे पाण्यावर बसून जायचं असतं त्याविषयी.

यंदा जानेवारीत आमच्या गावच्या तलावावर नागपूरहून एक क्लब आला होता. शनिवार-रविवार दोन दिवस. बावीस माणसं, त्यात नऊ बाया. त्यांनी आपल्यासोबत गाडीच्या टपावर बांधून रंगीत होड्या आणल्या होत्या. लाल, पिवळ्या, लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या. त्याला कयाक म्हणतात. एक माणूस किंवा दोन माणसं बसतात आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाणी मारतात. आमच्या गावचे ढिवर काका पारीवर उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हा तं आपला डोंगाच होय. फक्त रंगवला हाय."

काकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या क्लबमधल्या ताईंनी आम्हाला सांगितलं की कयाक ही काही शहरातल्या लोकांनी मौजेसाठी काढलेली वस्तू नाही. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखात इन्युइट नावाचे लोक राहतात. लाकडाचा आणि हाडांचा सांगाडा करून त्यावर सील नावाच्या प्राण्याचं कातडं ताणून शिवायचं आणि त्यात बसून शिकारीला जायचं, अशी ती त्यांची पोटापाण्याची नाव. आपल्याकडे मोठ्या झाडाचं खोड कोरून डोंगा व्हायचा. आता तसं लाकूड मिळत नाही, म्हणून पत्र्याचा करतात. त्यांचं कातडं गेलं, प्लास्टिक आलं. आपलं लाकूड गेलं, पत्रा आला.

आमचा तलाव तुम्हाला माहीत असेल तसाच आहे. माजी मालगुजारी तलाव, ज्याला सरकारी कागदावर आणि तोंडी सगळे 'मामा तलाव' म्हणतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधले, पुढे मालगुजारांकडे आले, आणि मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले. आमचा तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मासेमारीचा ठेका ढिवरांच्या संस्थेकडे. आता हे सगळं का सांगतो, तर क्लबच्या माणसांनी पहिला फोन ग्रामपंचायतीला केला होता आणि पंचायतीनं 'या' म्हणून टाकलं होतं. संस्थेला कोणी विचारलंच नाही. शुक्रवारी रात्री जाळी लावलेली, आणि शनिवारी सकाळी पहिल्या दोन होड्या जाळ्यात अडकल्या. थोडी बोलाचाली झाली. मग संस्थेच्या दोघांनी डोंग्यातून जाऊन जाळ्यांच्या टोकाला रिकाम्या डबक्या बांधून दिल्या, म्हणजे लांबून दिसतील. हे आधीच करता आलं असतं. तुमच्या गावच्या तलावावर असं कोणी येत असेल तर पाणी कोणाचं, मासळी कोणाची, पलीकडचं जंगल कोणाचं, या तिघांना आधी विचारून घ्या. वनविभागाला तर नक्कीच. तंबू त्यांनी जंगलात लावले नाहीत, पारीच्या खालच्या शेतात लावले. धान निघून गेलेल्या मोकळ्या बांदीत. शेकोटी एकच, तीही बीटच्या वनरक्षकानं दाखवलेल्या जागी. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा जंगलातल्या आगीचा हंगाम, त्या काळात तर तेही नको.

आमच्या गटाकडे काम आलं स्वयंपाकाचं. शनिवारचं दुपारचं आणि रात्रीचं जेवण, रविवारचा नाश्ता आणि दुपारचं जेवण. जेवणाचं ताट १५० रुपये, नाश्ता ६०, चहा १०. त्यांना आपल्याकडचंच खायचं होतं. मग भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याचं भरीत, पोपटाच्या शेंगा, जवसाची चटणी, आणि रात्री संस्थेकडून घेतलेल्या मासोळीचा रस्सा. लाखोरी आमच्याच बांद्यांतली. धान उभं असतानाच ओल्या चिखलात फेकून देतो ती. शहरातली पोरं विचारत होती, ही कोणती डाळ. एकीनं तर आपल्या घरी न्यायला दोन किलो मागितली.

हिशेब सांगून टाकतो, कारण तुम्ही तो विचारणारच. जेवणाची ६६ ताटं, त्यांचे ९,९०० रुपये. नाश्त्याचे १,३२०. चहाचे १,१००. सगळे मिळून १२,३२०. किराणा, मासोळी, तांदूळ, सिलिंडर, भांड्यांचं भाडं यात ६,७०० गेले. सात जणी दोन दिवस राबलो, तीनशे रुपये रोजानं ४,२०० झाले. गटाच्या खात्यात उरले १,४२०. सोमवारी भांडी घासून परत करण्यात तिघींचा अर्धा दिवस गेला, तो आम्ही धरलाच नाही. घरचं सरपण धरलं नाही. पुढच्या वेळी धरू. आपल्या बाया तांदळाचा भाव लावतात, पण स्वतःच्या हातांचा लावायला लाजतात. असो.

खरी गोष्ट पुढे आहे.

आमच्या तलावाच्या पलीकडे आमच्यातल्या पुष्कळ जणींच्या बांद्या आहेत. पारीवरून फिरून गेलं तर साडेतीन-चार किलोमीटर पडतं आणि त्यातला मोठा भाग झुडपी जंगलातून जातो. त्या वाटेवर वाघाचे पंजे दिसतात. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, सावली भागातल्या बायांना वाघाचं वेगळं सांगायला नको. म्हणून रोवणीला, कापणीला, लाखोरी उपटायला आम्ही डोंग्यातून जातो. पंधरा-वीस मिनिटांचं पाणी. डोंगा एक, त्यात सहा जणी आणि वल्हवणारा. विळे, डबे, कधी कडेवरचं लेकरू. वर्षानुवर्षं जातो. भीती वाटत नाही असं नाही, पण वाघाची जास्त वाटते.

शनिवारी दुपारी क्लबवाले पलीकडच्या काठावर होते. जेवण तिकडेच पोचवायचं ठरलं. आम्ही चौघी भाताचं पातेलं, वरणाची बादली, भरीत, सगळं घेऊन डोंग्यात बसलो आणि निघालो. काठाला लागलो तर त्यांच्या शिकवणाऱ्या ताई पाण्याजवळ उभ्या. त्यांनी आधी पातेल्याकडे नाही, आमच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "तुमची जाकिटं कुठं आहेत?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आमच्यातली एक हसली आणि म्हणाली, "आम्ही तं रोजच्याच हाओ."

त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्या मागे बावीस माणसं होती आणि बाविसांच्याही अंगावर जाकिटं होती. त्यातले कितीतरी जण पोहणारे. वर चार जास्तीची जाकिटं झाडाला टांगलेली. मौजेसाठी आलेल्या माणसाला जाकीट आणि कामाला जाणाऱ्या बाईला नाही, हे त्यांनी नाही, आम्हीच एकमेकींना रात्री म्हटलं. भांडी घासताना.

आणि मग गणपूरचा विषय निघाला. निघणारच होता. २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया बुडाल्या. सकाळची वेळ होती, रोजीसाठी पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात जायचं होतं. आमच्यातल्या दोघींच्या माहेरची माणसं त्याच पट्ट्यातली. त्या दिवसांत किती दिवस आम्ही डोंग्यात बसलो नाही. मग कापूस, मग हरभरा, मग लाखोरी, आणि पुन्हा बसायला लागलो. जाकीट हा शब्दही त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्या तोंडी आला नव्हता. आम्ही म्हणालो होतो, त्यांचं नशीब.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर ताईंनी विचारलं, "आता तुमची पाळी. कोण येतंय?" कोणी पुढे होईना. माणसं पारीवर उभी होती, पोट्टे हसत होते. शेवटी आमच्या गटातली सगळ्यात म्हातारी, जिला आम्ही सगळ्या आजी म्हणतो, ती उठली. म्हणाली, "वाघाच्या वाटेनं गेली मी, या पिवळ्या डब्यात बसाले काय होते?" आजीचं लुगडं नऊवारी, काष्ट्याचं. आणि गंमत बघा, पाण्यात सगळ्यात सोयीची तीच निघाली. आम्हा पाचवारीवाल्यांचे पदर आणि निऱ्या पायात अडकत होत्या. दोघी-तिघी घरी जाऊन सलवार घालून आल्या. बाकीच्यांनी साडी पिंडरीपर्यंत वर घेऊन, पदर कमरेला गच्च खोचून बांधला. डोंग्यात बसताना ओली साडी पायाला गुंडाळली गेली तर पोहता येणारी बाईही हलू शकत नाही. हे आम्हाला त्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात कळलं.

जाकीट घालायचं कसं, यात अर्धा तास गेला आणि तो वाया गेला नाही. आम्हाला वाटलं होतं, बंडीसारखं अंगात घातलं की झालं. नाही. मापाचं हवं. त्यावर किती किलोच्या माणसासाठी ते लिहिलेलं असतं. सगळ्या पट्ट्या लावायच्या आणि खालून वर ओढत यायच्या. मग दुसरीनं आपल्या खांद्यावरच्या पट्ट्या धरून वर उचलून बघायचं. जाकीट कानापर्यंत वर सरकलं तर ते सैल आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. लेकराच्या जाकिटाला दोन पायांमधून जाणारी पट्टी असते, ती सोडायची नाही. माणसाचं अंग तसं पाण्यात बरंचसं तरंगतं, तोंड तेवढं वर राहायला सात-आठ किलोचा आधार पुरतो. तेवढाच त्या जाकिटातला फोम देतो. पण बसताना अंगाखाली घेतलं, नाहीतर पाण्यात पडल्यावर घालू म्हणून बाजूला ठेवलं, तर त्याचा काही उपयोग नाही. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही. आम्ही घालून बघितलं. एकीलाही जमलं नाही.

मग त्या ताईंनी आम्हाला मुद्दाम उलटवलं. आधी सांगून, कमरेएवढ्या पाण्यात, एकेकीला. जानेवारीचं पाणी, अंग शहारून गेलं. पहिल्यांदा आम्ही सगळ्याच ओरडलो आणि सगळ्यांनीच काठाकडे पळायला बघितलं. ताई म्हणाल्या, तेच करायचं नाही. होडी उलटली तरी ती तरंगत राहते. तिला धरून राहायचं. काठ जवळ वाटतो, पण थंड पाण्यात कपड्यांसकट पोहताना तो जवळ नसतो. उलटलेली नाव लांबून दिसते, एकटं डोकं दिसत नाही. दुसऱ्या वेळी आम्ही धरून राहिलो. तिसऱ्या वेळी आजी उलटल्यावर वर येऊन हसत होती.

मग वल्हं. तेही सांगते असं म्हणून आमच्यातली एक इथे उठली होती, पण वल्हं रेडिओवर शिकवता येत नाही. एवढंच सांगतो की ते हातांनी मारायचं नसतं, कमरेतून वळून मारायचं असतं. आणि रोवणी करणाऱ्या बाईची कमर काय असते ते शहरातल्या पोरींना त्या दिवशी कळलं. आमच्या दोघींनी त्यांच्या दोघांना मागे टाकलं. पारीवरचे पोट्टे गप्प झाले.

दुपारी जेवणं झाल्यावर ढिवर काकाही येऊन बसले आणि ताईंनी बुडणाऱ्याविषयी सांगितलं. त्यातलं काही आमच्या समजुतीच्या उलट होतं, म्हणून इथे सांगतो. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवत नाही. श्वास घ्यायलाच वेळ नसतो, ओरडणार कसा? तोंड पाण्याच्या पातळीवर, डोकं मागे, आणि सगळं शांत. लेकरं तर अगदी गुपचूप जातात. म्हणून लेकरू पाण्याजवळ असताना आवाज येत नाही म्हणजे खेळतंय, असं समजू नका.

दुसरं, वाचवायला उडी मारू नका. २०२५ च्या मार्चमध्ये, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या नागभीडजवळच्या घोडाझरी तलावात पाच तरुण पोरं गेली. तलाव बघायला, पोहायला म्हणून आलेली. एक बुडायला लागला की दुसरा धावतो, त्याला पकडून तिसरा जातो, अशा कितीतरी बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. बुडणारा माणूस जे हाताला लागेल ते दाबून धरतो आणि त्यावर चढतो. मग काय करायचं? काठावर पालथं पडून बांबू पुढे करायचा. दोर फेकायचा. दोराच्या टोकाला झाकण घट्ट लावलेली तेलाची रिकामी पाच लिटरची कॅन बांधली, तर ती लांबवर जाते आणि माणसाला तरंगवतेही. काहीच नसेल तर साड्या एकमेकींना बांधायच्या. आमच्या डोंग्यात आता अशी कॅन आणि दोर कायम असतो. याला पन्नास रुपयेही लागले नाहीत. हे एवढं तरी तुम्ही आजच करू शकता.

तिसरं, बाहेर काढल्यावर. आपल्याकडे पाय धरून उलटं टांगतात, पोट दाबून पाणी काढतात, डोक्यावर गरगर फिरवतात. त्यात वेळ जातो, आणि पोटातलं पाणी वर येऊन श्वासनळीत जाऊ शकतं. माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उताणं सपाट ठेवायचं, हनुवटी वर करून, नाक दाबून, तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा. आधी श्वास, कारण त्याला हवाच मिळालेली नाही. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाबायचं. तीस वेळा दाबणं, दोन श्वास, पुन्हा तीस. एकीनं हे करायचं, दुसरीनं १०८ ला फोन लावायचा. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. आणि शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी होऊ शकतो. आमच्या आशाताईंना हे शिकलेलं होतं. त्यांनी उशीवर करून दाखवलं. तुमच्या गावच्या आशाताईंना, नर्सबाईंना म्हणा, ग्रामसंघाच्या एका बैठकीत दाखवा. उशी तुमची.

संध्याकाळी क्लब निघून गेला. जाताना आपला सगळा कचरा पिशव्यांत भरून गाडीत टाकून घेऊन गेला. आमच्या पारीवर सणावाराला पडणाऱ्या द्रोण-पत्रावळी आणि प्लास्टिकचे ग्लास बघून आम्हालाच थोडं कसंतरी झालं.

त्यानंतरच्या गटाच्या बैठकीत दोन गोष्टी निघाल्या. एकीनं मोबाईलवर पाहिलं होतं की कोकणात, वेंगुर्ल्याला, स्वामिनी नावाच्या महिला बचत गटानं २०१७ साली खाडीत कांदळवनाची सफर सुरू केली. बायाच होडी वल्हवतात, पाहुण्यांना झाडं, पक्षी दाखवतात आणि घरचं जेवण घालतात. त्यांना प्रशिक्षण मिळालं, जाकिटं मिळाली, सरकारी प्रकल्पाची मदत मिळाली. मग आपण का नाही? तरण्या पोरींचे डोळे चमकत होते. आम्ही त्यांना नाही म्हटलं नाही, पण हो ही म्हटलं नाही. वेंगुर्ल्याला गोव्याचे पाहुणे फिरत फिरत येतात. आपल्याकडे येणारा पाहुणा वाघासाठी येतो, मोहर्लीच्या गेटवर जातो, आणि पाण्यात बसायचं झालंच तर त्याला इरई धरण जवळ पडतं. आमच्या तलावापर्यंत वर्षातून एखादा क्लब येईल. तेवढ्यावर कर्ज काढून होड्या घ्यायच्या हे आम्हाला काही पटत नाही. स्वयंपाकाचं काम मात्र नीट भाव लावून घ्यायचं, हे ठरलं.

दुसरी गोष्ट आजीनं काढली. गटात उरलेल्या १,४२० रुपयांचं काय करायचं? कोणी म्हणालं, पातेलं घेऊ, भाडं वाचेल. कोणी म्हणालं, वाटून घेऊ. आजी म्हणाली, "जाकीट." बोलाचाली झाली. पातेल्याची बाजूही खरी होती, पातेलं दर वर्षी पैसे वाचवील आणि जाकीट एक रुपया आणणार नाही. शेवटी हात वर करून मोजले. आठ विरुद्ध तीन.

जाकिटाची किंमत दुकानात ११०० रुपये. गटाचे १,४२०, ग्रामसंघानं १,५०० दिले. ढिवरांच्या संस्थेनं, जाळ्यावरून झालेल्या बोलाचालीनंतरही, १,००० दिले, कारण काकांचीही सून त्याच डोंग्यातून जाते. राहिलेले ४८० पलीकडे बांद्या असलेल्यांनी वर्गणी काढून भरले. चार जाकिटं आली. पंचायतीला अर्ज दिला आहे अजून तीन जाकिटांचा. दोन मासिक सभा झाल्या, विषय पुढे ढकलला गेला. पुढच्या सभेला आम्ही बाराही जणी जाऊन बसणार आहोत.

तोवर नियम असा केला आहे. जाकिटं अंगणवाडीच्या खोलीत खुंटीला टांगलेली, सावलीत, कारण उन्हात फोम आणि कापड लवकर खराब होतं. वही लटकवलेली, नेणारीनं सही करायची, सही येत नसेल तिनं अंगठा. आणि डोंग्यात एका खेपेला चारच जणी. काका चांगले पोहणारे, आणि कॅन त्यांच्या पायाशी. पूर्वी सहा जणी एका खेपेत जायच्या, आता दोन खेपा होतात. मागे राहणाऱ्या दोघी काठावर बसून बडबडतात की ऊन चढलं, रोजी बुडते. परवा लाखोरी उपटायला जाताना आजीच मागे राहिली होती, आणि सगळ्यात जास्त बडबड तिचीच चालली होती.